मैदानी वडोदऱ्यात गिर्यारोहण मंडळ काय शिकवतं, आणि चांगलं मंडळ ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दांडिया बाजारात राहणाऱ्या एका कुटुंबातली नववीतली मुलगी शहरातल्या गिर्यारोहण मंडळात जायचं म्हणते आहे. चार वर्षं ती मल्लखांब करते. आईवडिलांची शंका अशी की वडोदऱ्याच्या आसपास डोंगर आहेतच कुठे? मग दर रविवारी तिथे शिकवतात तरी काय? वेळ आणि पैसे घालावेत असं त्यात काही आहे, की वर्षाला दोन सहली आणि भरपूर फोटो, एवढंच?

शंका रास्त आहे. वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर वसलेलं, अगदी सपाट शहर. जवळचा खरा डोंगर म्हणजे पावागढ, सुमारे ५० किलोमीटरवर, उंची साधारण ८०० मीटर. पण गिर्यारोहणातला निम्म्याहून जास्त भाग असा आहे की तो डोंगरावर शिकायचाच नसतो. गाठ मारणं, बिले देणं (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं), अँकर म्हणजे दोराला पक्का आधार लावणं, दोरावरून उतरणं, अडकलेल्या माणसाला मोकळं करणं हे सगळं कड्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर चुकणार, आणि तिथली चूक महाग पडते. त्याला कडुनिंबाचं एक दणकट झाड, एखादी १०-१२ मीटरची भिंत आणि दोर पुरतो. म्हणून मंडळ पारखताना ‘यंदा किती शिखरं केलीत?’ हे विचारू नका. नव्या मुलांच्या हातात दोर महिन्याला किती तास असतो, ते विचारा. जिथे हे उत्तर चटकन येत नाही, ती सहलीची संस्था समजायची. सहलीला हरकत काहीच नाही, फक्त तिला प्रशिक्षण म्हणू नये.

पहिल्या चार-पाच रविवारी चढाई जवळजवळ नसते आणि मुलं कंटाळतात. तो कंटाळा आवश्यक आहे. सुरुवात हार्नेसपासून, म्हणजे दोर जोडण्यासाठी कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांपासून. कमरेचा पट्टा खुब्याच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि दोन्ही हातांनी खाली ओढला तरी हाडांवरून सरकता कामा नये. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. जुन्या प्रकारच्या बकलमध्ये पट्टा एकदा ओवून परत उलटा ओवावा लागतो आणि बाहेर किमान ७-८ सेंटिमीटर शेपूट राहावं लागतं. एकदाच ओवलेला पट्टा उभं असताना घट्ट वाटतो, वजन आलं की सरकत सुटतो. ही चूक नवशिक्यांपेक्षा दोन-तीन वर्षं मुरलेले जास्त करतात, कारण ते गप्पा मारत हार्नेस घालतात.

मग आठची गाठ. दोराच्या टोकापासून साधारण एक मीटर आत आठचा आकडा करायचा, टोक हार्नेसच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही फाशांतून न्यायचं आणि आलेल्या वाटेनेच गाठीतून परत फिरवायचं. इथे सगळे ‘झाली’ म्हणतात. ती झालेली नसते. गाठ हातात उलटसुलट करून मोजायचं: दोराच्या समांतर जोड्या पाच दिसल्या पाहिजेत आणि कुठेही एक पदर दुसऱ्यावर चढलेला नसावा. पदर चढलेली गाठ लगेच सुटते असं नाही, पण एकदा वजन आलं की ती इतकी आवळते की सोडवताना नखं निघतात. शिवाय तपासणाऱ्याला एका नजरेत ती बरोबर आहे की नाही ते कळत नाही, आणि खरं नुकसान तेच. शेवटी चारही पदर एकेक ओढून गाठ आवळायची. बाहेरचं शेपूट दोराच्या जाडीच्या दहापट तरी हवं, म्हणजे १० मिलिमीटरच्या दोराला १० सेंटिमीटर, साधारण अर्धी वीत. ही गाठ पन्नास वेळा मारून झाली की डोळे मिटून मारायला लावतात, मग हात थंड पाण्यात बुडवून. मुलांना तो पोरखेळ वाटतो. हिमालयात हातमोजे घालून दोराशी झगडायची वेळ येते तेव्हा तो कामाला येतो.

आठच्या पाठोपाठ क्लोव्ह हिच (खांबाला किंवा झडपेच्या धातूच्या कडीला म्हणजे कॅराबिनरला पटकन बांधायला, लांबी कमीजास्त करता येते), बोलाइन, टेप म्हणजे चपटी पट्टी जोडायची पाणगाठ, दोन दोर जोडायची डबल फिशरमन, कॅराबिनरवरून बिले द्यायची मंटर हिच आणि मुख्य दोरावर बारीक दोरीने मारायची प्रुसिक. एवढ्या सात गाठींवर पहिली दोन-तीन वर्षं आरामात निघतात. तीस गाठींची पाटी भिंतीवर टांगणारी मंडळं असतात. त्यातल्या तेवीस परीक्षेपुरत्या.

प्रुसिकबद्दल जास्त लिहायला हवं, कारण ती सगळेजण ‘येते’ म्हणतात. १०-११ मिलिमीटरच्या दोराला ६ मिलिमीटरची कॉर्ड म्हणजे बारीक दोरी लागते. साधारण दीड मीटर कॉर्ड डबल फिशरमनने जोडून फास करायचा आणि तो मुख्य दोराभोवती तीन वेढे घेऊन आतून बाहेर काढायचा. वजन नसलं की सरकते, वजन आलं की धरते. न धरण्याची कारणं ठरलेली: कॉर्ड जाड घेतली (८ मिलिमीटरची कॉर्ड ९ मिलिमीटरच्या दोरावर नीट चावत नाही), वेढे एकावर एक चढले, दोर ओला किंवा चिखलाने बरबटलेला, किंवा कॉर्ड नवी आणि कडक. नवी कॉर्ड हातात चुरगाळून मऊ करून घ्यावी. ओल्या दोरावर चौथा वेढा द्यावा.

बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. मंडळात मूल चढायला शिकण्याआधी हे शिकलं पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं: चढाईला रांग लागते, बिलेला कोणी पुढे येत नाही. हार्नेसला लावलेल्या बिले डिव्हाइसमधून, म्हणजे दोराला ब्रेक लावणाऱ्या साधनातून, दोर ओवलेला असतो. एक हात डिव्हाइसच्या वरच्या दोराला, दुसरा खालच्या म्हणजे ब्रेकच्या दोराला. ब्रेकचा हात दोर कधीही सोडत नाही, अर्धा सेकंदही नाही. क्रम चार टप्प्यांचा: दोर ओढून घ्या, ब्रेकचा हात खाली आणा, वरचा हात ब्रेकच्या हाताच्या खाली दोराला धरा, मग ब्रेकचा हात दोरावरून सरकवत वर न्या. घाईत शेवटचा टप्पा चुकतो. सरकवण्याऐवजी मुलं हात उचलून नव्या जागी पकडतात, आणि पडणारा माणूस त्याच क्षणी पडला तर दोर तळव्यातून सूं करत जातो. म्हणून पहिले सहा-सात तास बिलेअरच्या मागे दुसऱ्या कोणीतरी ब्रेकचा दोर हातात धरून उभं राहायचं, ही शिस्त असलेलं मंडळ चांगलं.

वजनाचाही हिशेब असतो. ४५ किलोची मुलगी ७५ किलोच्या दादाला बिले देत असेल आणि तो पडला, तर ती जमिनीवरून उचलली जाऊन भिंतीवर आदळू शकते. तिला मागे झाडाला किंवा जमिनीतल्या अँकरला बांधायचं, आणि त्या बांधणीत ढील ठेवायची नाही. दोराच्या लांबीचाही हिशेब आहे आणि तो आश्चर्य वाटावं इतक्या वेळा चुकतो. २२ मीटरच्या कड्यावर वरून फिरवलेला दोर जायला २२ आणि यायला २२ असा ४४ मीटर लागतो. दोर ४० मीटरचा असेल तर सुरुवातीला, चढणारा खाली असताना, काहीजण दोर ओढून जुळवून घेतात आणि काम चालल्यासारखं वाटतं. त्याला खाली सोडताना मात्र जमिनीपासून चार मीटरवर दोराचं टोक बिलेअरच्या डिव्हाइसमधून सुटतं. उपाय फुकटचा आहे: मोकळ्या टोकाला गाठ मारून ठेवायची. प्रत्येक वेळी. दोर लांब आहे हे माहीत असतानाही.

आपल्याकडे मंडळात निम्मी मुलं गुजराती बोलणारी, निम्मी मराठी, दोन-चार हिंदी. एरवी ही खिचडी छान असते, पण कड्यावर ‘सोड’, ‘छोड’ आणि ‘सोडू नको’ वाऱ्यात सारखंच ऐकू येतं. त्यामुळे हाका इंग्रजी आणि ठरलेल्या ठेवतात: ‘बिले ऑन?’, ‘ऑन बिले’, ‘स्लॅक’ (दोर ढिला सोड), ‘टाइट’ (दोर ओढून धर), ‘फॉलिंग’, आणि दगड सुटला तर ‘रॉक!’ ‘नो’ या शब्दाने सुरू होणारी हाक मुद्दाम टाळतात, कारण वाऱ्याने तो ‘नो’ खाल्ला की अर्थ उलटा होतो. ‘रॉक’ ऐकल्यावर वर बघायचं नसतं, भिंतीला चिकटायचं. हे प्रतिक्षिप्त व्हायला वर्ष जातं.

मल्लखांबाचं विचारलंत, तर तो मोठाच फायदा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांची परंपरा असलेल्या या शहरात त्याचं अप्रूप नाही, पण मल्लखांबाने मिळणारी पकड, पोटाची ताकद आणि उलटं लटकल्यावरही शांत राहणारं डोकं विकत मिळत नाही. फक्त एक सवय मोडावी लागते. मल्लखांबावर अंग खांबाला लपेटायचं असतं, खडकावर खडकापासून लांब ठेवायचं असतं. मल्लखांबाची मुलं हातांनी आणि मांड्यांनी चढू बघतात. सहा-आठ मीटरपर्यंत ताकदीवर जातातही, मग मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखे होतात आणि बोटं उघडतात. चढाई पायाने करायची. हात तोल सांभाळायला, वजन पायाच्या अंगठ्याच्या आतल्या कडेवर, टाच किंचित खाली, आणि एका वेळी एकच अवयव हलवायचा, बाकी तीन खडकावर. हे शिकवायचा जुना आणि उत्तम मार्ग म्हणजे दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू देऊन कमी उताराच्या भिंतीवर चढायला लावणं. पकडता येत नाही म्हटल्यावर पाय आपोआप काम करू लागतात. हार्नेस घालून कृत्रिम भिंतीवर चढायला आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही हरकत नाही. स्पर्धात्मक चढाईत रस वाटला तर तो वेगळा रस्ता आहे. टोकियोपासून हा ऑलिंपिकमधला खेळ आहे, स्पीडची भिंत १५ मीटरची असते आणि देशात या स्पर्धा इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या विभागीय पातळीपासून होतात.

आता दोर. मंडळाकडे दोन जातींचे दोर हवेत. स्टॅटिक दोर रॅपलिंगला (दोरावरून उतरायला) आणि सामान ओढायला: तो फार ताणत नाही. डायनॅमिक दोर पुढे जाऊन चढणाऱ्यासाठी, म्हणजे लीड चढाईसाठी: पडल्यावर ताणून धक्का पिणारा. दोन्ही नायलॉनचे आणि दिसायला सारखे, म्हणून टोकाला रंगीत टेप आणि क्रमांक लावलेला असावा. स्टॅटिक दोरावर लीड चढाई करणं म्हणजे पडल्यावरचा सगळा धक्का कंबर आणि अँकर यांच्यावर घेणं. प्रत्येक दोराची वही असते: खरेदीची तारीख, किती दिवस वापर, कोणी पडलं का, कुठे घासला. दर आठवड्याला वापरला जाणारा दोर वर्ष-दोन वर्षांत निवृत्त करायचा आणि कपाटात नुसता पडून असला तरी दहा वर्षांनंतर वापरायचा नाही. तपासणी डोळ्यांनी कमी, हातांनी जास्त. सगळा दोर मुठीतून हळूहळू ओढायचा आणि दर हातभर अंतरावर छोटा वळसा करून बघायचा. चांगला दोर गोल वळतो. जिथे तो कागदाच्या घडीसारखा मोडतो किंवा मऊ, पोकळ लागतो, तिथे आतला गाभा तुटलेला असतो, वरची साल कितीही कोरी दिसो. दोरावर पाय देत नाहीत ते त्याला देव मानतात म्हणून नाही: बुटाखालची वाळू सालीतून आत जाते आणि आत बसून करवतीसारखं काम करते. धुवायचा तो साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, आणि वाळवायचा सावलीत. वडोदऱ्याच्या मे महिन्यातल्या गच्चीवर नाही. सगळ्यात दुष्ट शत्रू बॅटरीचं आम्ल. दोर गाडीच्या डिकीत जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवून नेला तर डाग दिसायच्या आत तो निकामी झालेला असू शकतो.

पालकांना भीती वाटते ती रॅपलिंगची, आणि ती योग्य ठिकाणी आहे, कारण चढाईपेक्षा उतरणीत लोक जास्त बेफिकीर असतात. पहिल्या दिवशी उतरणाऱ्याला वरून स्वतंत्र बिलेचा दोर असलाच पाहिजे. तो नसेल तर मुलीला हार्नेस काढायला सांगा आणि घरी आणा, यात भिडेला जागा नाही. कड्याच्या काठावरची पहिली दोन पावलं अवघड: काठाच्या अलीकडेच मागे बसायचं, खुर्चीत बसतो तसं, मग पाय काठाखाली उतरवायचे. घाबरलेलं मूल उभं राहतं, दोराला मिठी मारतं, पाय घसरतात आणि तोंड खडकावर आपटतं. पाय खांद्याइतके रुंद, तळवे सपाट, नजर ब्रेकच्या हाताच्या बाजूने खाली. सिनेमातल्यासारख्या उड्या मारायला लावणारा प्रशिक्षक दिसला तर समजा की त्याला काठावर घासणारा दोर दिसत नाही. काठाखाली गोणपाटाची दुहेरी घडी किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा घालतात आणि तो वेगळ्या दोरीने बांधून ठेवतात, नाहीतर पहिल्याच माणसाबरोबर तोही खाली जातो.

वेणी, ओढणी, टी-शर्टची सैल कड आणि गळ्यातला दोरा डिसेंडरमध्ये (उतरताना दोराला ब्रेक लावणाऱ्या साधनात) ओढला जाणं हा नेहमीचा प्रकार. केस बांधून हेल्मेटच्या आत, शर्ट हार्नेसच्या आत. अडकलंच तर चाकू काढायचा नाही: ताणलेला दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शाने कापला जातो. वर प्रुसिक लावून त्यात पाय घालायचा, उभं राहून वजन डिसेंडरवरून काढायचं आणि अडकलेलं सोडवायचं. हा सराव जमिनीपासून दोन फुटांवर लटकून दर मुलाने केला पाहिजे. आणि हार्नेसमध्ये कोणी हालचाल न करता लटकून राहिलं असेल तर ‘जरा दम खाऊ दे’ म्हणून सोडायचं नाही. पायांतलं रक्त परत फिरत नाही आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्याला पाय हलवायला सांगायचं आणि ताबडतोब खाली आणायचं.

अँकरचं गणित थोडं पुढचं, पण एक आकडा आईवडिलांनाही कळेल असा आहे. खडकात बसवलेल्या दोन बोल्टना बांधलेल्या दोन पट्ट्यांमधला कोन ६० अंश असला तर प्रत्येक बोल्टवर वजनाच्या ५८ टक्के भार येतो. १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन बोल्ट वापरून फायदा शून्य. म्हणून पट्ट्या लांब, कोन लहान. आणि किल्ल्याच्या तटाला, बुरुजाला, जुन्या कमानीला दोर बांधायचा नाही. चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथल्या संरक्षित बांधकामात खिळा ठोकणं हा गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी पाचशे वर्षांच्या चुन्यात बसवलेला दगड आडवी ओढ सहन करेल यावर जीव टांगणं शहाणपणाचं नाही.

मैदानी शहराचा एक फायदा असा की प्रत्येक जातीच्या खडकाकडे मुद्दाम प्रवास करून जावं लागतं, त्यामुळे फरक लक्षात राहतो. पावागढ ही चालण्याची शाळा. चांपानेरच्या पायथ्यापासून माचीपर्यंत आणि तिथून वर, पहाटे पाचला निघून, पाठीवर ओझं घेऊन. ओझं ५ किलोपासून सुरू करून दर पंधरा दिवसांनी दोन किलो वाढवत १२-१५ किलोपर्यंत. ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या न्यायच्या आणि वर पाणी ओतून टाकायचं: चढताना वजन हवं, उतरताना गुडघ्यांना ते नको. नवरात्रात, चैत्रातल्या आणि अश्विनातल्या दोन्ही, तिकडे फिरकू नका, पायऱ्यांवर सरावाला जागा नसते. जांबुघोडा अभयारण्य आहे, त्यामुळे तिथलं शिबिर वनखात्याच्या परवानगीनेच. इडर आणि माउंट अबू ग्रॅनाइटचे. गोलाई, पकडी कमी, बुटाच्या रबराच्या घर्षणावर विश्वास ठेवायला शिकवणारे. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याच्या अगदी उलट: पकडी भरपूर, पण भरवशाच्या थोड्या. कातळाच्या दोन थरांमध्ये घसारा, त्यावर वाळलेलं गवत. तिथे पकड धरण्याआधी बोटांच्या पेरांनी वाजवून बघायची. ठोस आवाज आला तर ओढायची, पोकळ वाजली तर सोडून द्यायची. ग्रॅनाइटवर तयार झालेली मुलं हे वाजवणं विसरतात. आपल्याला सोयीचा सह्याद्री म्हणजे सापुताऱ्यापलीकडचं बागलाण. १५६७ मीटरचा साल्हेर हा कळसूबाईखालोखाल महाराष्ट्राच्या सह्याद्रीतला सगळ्यात उंच माथा, आणि थंडीत दोन दिवसांच्या मोहिमेला उत्तम.

सह्याद्रीत जाताना मुलांना दोर तुटण्यापेक्षा आग्या मोहोळाची माहिती जास्त उपयोगी. कड्याच्या सावलीतल्या छपराखाली काळी पोळी लोंबत असतात. अत्तर, डिओ, शेकोटीचा धूर आणि आरडाओरडा, माश्या उठवायला यातलं एकही पुरतं. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा बघायचा आणि पोळं दिसलं तर ती चढाई रद्द. उन्हाचं तर आपल्याला ठाऊकच आहे. मार्चनंतर चढाई सकाळी दहाच्या आत संपवायची. माणशी ४-५ लिटर पाणी. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. कोणी असंबद्ध बोलू लागलं आणि अंग तापलेलं असेल तर ते दमणं नव्हे, उष्माघात आहे. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, आणि मग दवाखाना, याच क्रमाने.

पावसाळ्यात बाहेरची चढाई बंद असते, आणि धबधब्यात रॅपलिंगच्या जाहिराती करणाऱ्यांपासून नवशिक्यांनी लांब राहिलेलं बरं. हे चार महिने नकाशाचे आणि प्रथमोपचाराचे. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा घ्यायचा: एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरची उंची. वेळेचा अंदाज सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वर. ओझं आणि लहान मुलं असली की त्याच्या दीडपट. मोबाइलवर नकाशा असतोच, पण बॅटरी थंडीत आधी मरते. नदी ओलांडायचा सराव अनेक मंडळं करतात. विश्वामित्री पावागढातून निघून शहराच्या मधून वाहते म्हणून कोणी उत्साहाने तिचं नाव सुचवतं. तिच्यातल्या मगरी तो उत्साह पुरेसा थंड करतात.

पुढची पायरी संस्थांची. गुजरात सरकारच्या माउंट अबू आणि जुनागढ इथल्या गिर्यारोहण केंद्रांत खडकचढाईचे थोड्या दिवसांचे अभ्यासक्रम होतात. मंडळात सहा महिने काढलेल्या मुलाला ते खऱ्या अर्थाने लाभतात, कोऱ्या मुलाचे पहिले दिवस गाठींतच जातात. त्यानंतर उत्तरकाशीची नेहरू संस्था (१९६५), दार्जिलिंगची हिमालयन संस्था (१९५४), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, काश्मिरातली जवाहर संस्था. बेसिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा, वय साधारण १६-१७ च्या पुढे, वैद्यकीय दाखला सक्तीचा. बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्सला प्रवेश, आणि प्रशिक्षक व्हायचं तर त्याच्याही पुढचा अभ्यासक्रम. म्हणजे तयारी न करता गेलात आणि ‘बी’ मिळाली, तर दार बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जागा फार आधी भरतात. तुमची मुलगी आता चौदाची असेल तर मध्ये दोन-तीन वर्षं आहेत, आणि मंडळाचा खरा उपयोग तेवढ्यासाठीच आहे. पंधरा किलो ओझं घेऊन सहा तास चालणं आणि ५ किलोमीटर अर्ध्या तासाच्या आत पळणं एवढं आधी जमवून ठेवावं.

एक गोष्ट मंडळ शिकवू शकत नाही: उंचीची सवय. ४० मीटरवर राहणाऱ्याला २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं होऊ शकतं, आणि पावागढ रोज चढणाऱ्यालाही ते चुकत नाही. तंदुरुस्ती यात मदत करत नाही, उलट तंदुरुस्त माणूस भरभर वर जातो आणि आधी आजारी पडतो. ३,००० मीटरनंतर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं की रात्र असली तरी खाली. हिमालयातल्या ट्रेकचं पत्रक आलं की शिखराचं नाव सोडा, मुक्कामांच्या उंचीचा तक्ता मागा. दिवस वाचवण्यासाठी मुक्काम कापलेले असतील तर पैसे भरू नका.

भेट द्यायला गेलात की हे विचारा: दोरांची वही बघू का? एका प्रशिक्षकामागे मुलं किती (खडकावर सहा ते आठच्या वर नकोत)? प्रशिक्षकांची श्रेणी आणि अभ्यासक्रम कुठला? प्रथमोपचार कोणाला येतो, आणि तो आज हजर आहे का? जवळचा चोवीस तास चालणारा दवाखाना कुठला, गाडी कोणती? मुलींच्या शिबिरात महिला प्रशिक्षक कोण? चांगल्या मंडळाला या प्रश्नांचा राग येत नाही. शिवाय दहा मिनिटं गप्प उभं राहून बघा: प्रशिक्षक स्वतः हेल्मेट घालतो का, आणि त्याची गाठ दुसरं कोणी तपासतं का. वीस वर्षं चढणाऱ्याचीही गाठ कालच आलेल्या पोराने तपासायची, अशी रीत जिथे आहे, तिथे मुलीला घालायला हरकत नाही.

पहिल्या रविवारी खरेदी काहीच करू नका. हेल्मेट, हार्नेस मंडळाचं. पाठीवरची शाळेची सॅक चालते. बूट घट्ट बसणारे, पातळ तळव्याचे. जाड तळव्याचे महागडे ट्रेकिंग बूट चढाईला उपयोगाचे नाहीत. पूर्ण लांबीची, ताणली जाणारी विजार, जीन्स नको. नखं कापलेली, अंगठ्या आणि कडी घरी. दोन लिटर पाणी, चार थेपले, दोन खाखरे, सुखडीची एक वडी, ती उन्हात विरघळत नाही आणि चॉकलेटपेक्षा जास्त वेळ पुरते. आदल्या रात्री सेव-उसळीचा बेत ठेवू नका. हार्नेसचा पट्टा बरोबर पोटावर येतो.